बोरजाईवाडीची बावीस पुस्तकं

"घरात पुस्तकं किती? शाळेची सोडून."

"बावीस," कोमलची आई म्हणाली. मी अजून पेनाचं टोपणही काढलं नव्हतं.

"मोजली होती का?"

"तुम्ही मोजा की." तिनं कोनाड्याकडं बोट केलं. तिथं पुस्तकांची चळत उभी होती, शेजारी तेलाची बाटली आणि आरसा. मी मोजली. बावीस. वरचं पुस्तक होतं 'मोटार रिवाइंडिंग शिका', त्याखाली 'शेळीपालन: शंभर प्रश्न', त्याखाली 'समुद्रातले प्राणी'. बोरजाईवाडीपासून समुद्र दीडशे किलोमीटर लांब आहे आणि गावात तेव्हा विहिरीलासुद्धा पाणी नव्हतं. मी सहज पुस्तक उघडलं. अष्टपादाला तीन हृदयं असतात, असं लिहिलं होतं. मला एक असून त्याचा फारसा उपयोग झाला नव्हता, म्हणून मला ते आवडलं. खुणेसाठी सकाळचं एसटीचं तिकीट त्या पानात ठेवलं, मग चहा आला, आणि तिकीट तिथंच विसरून मी उठलो.

आमच्या केंद्राचा अभ्यास असा होता: नऊ गावांतली, एकाच वर्षी जन्मलेली साडेतीनशे मुलं. जन्मापासून ती अठरा वर्षांची होईपर्यंत त्यांच्या मागं राहायचं. उंची, वजन, डोक्याचा घेर, शब्द किती येतात, घरात कोण भांडतं, कोण गोष्टी सांगतं, सगळं लिहून ठेवायचं. मुलं तेव्हा अकरा वर्षांची होती आणि मी तेवीसचा. माझ्या मागं असं कुणी राहिलं नव्हतं, त्यामुळं मी बँकेच्या परीक्षेत दोनदा नापास झालो होतो आणि तिसऱ्यांदा बसेपर्यंत इथं सहा महिन्यांसाठी चिकटलो होतो.

त्या शुक्रवारी दिल्लीची समिती येणार होती. उरलेली सात वर्षं अभ्यास चालवायचा की अकरावरच गुंडाळायचा, हे ती ठरवणार होती. समितीनं आधीच कळवलं होतं की माहितीची फेरतपासणी करा, म्हणजे एकानं विचारलेले प्रश्न दुसऱ्यानं जाऊन पुन्हा विचारा. बोरजाईवाडीचं सगळं काम पहिल्या दिवसापासून मालनताई शिंगाडे बघायच्या. म्हणून मंगळवारी त्यांना शाळेत उंची मोजायला बसवलं आणि चार घरं मला दिली.

दुसरं घर काळ्यांचं.

"पुस्तकं किती?"

"बावीस," काळे म्हणाले आणि बायकोकडं बघितलं. बायको मागच्या दाराकडं बघत होती. "पण जरा पाणी घ्या आधी. बसा. पंखा लावू का? लाइट न्हाई, पण लावतो."

मी न फिरणाऱ्या पंख्याखाली दहा मिनिटं बसलो. मग काळेबाई आतून आल्या आणि म्हणाल्या, "आता मोजा." पुस्तकं पलंगावर होती. बावीस. वर मोटार रिवाइंडिंग.

माझं गणित कच्चं होतं, पण बावीस आणि बावीस सारखे असतात एवढं मला कळत होतं. मी 'समुद्रातले प्राणी' उघडलं. अष्टपादाच्या पानात सकाळी पावणेआठच्या गाडीचं एक तिकीट होतं. अर्धं नाही, पूर्ण तिकीट. कोपरा मी दातानं चावलेला.

मी तिकीट गुपचूप खिशात टाकलं. तिसऱ्या घराचा सरळ रस्ता सोडून गावाच्या मागच्या पांदीनं निघालो. वळणावर कोमलची आई बाजूच्या बोळातून समोर आली. डोक्यावर पाटी, पाटीत गवत.

"काय वैनी, काय घेऊन चाललाय?"

"गवत."

"गवताला पुठ्ठा आहे."

तिनं मान न हलवता डोळे वर केले. गवतातून 'रिवाइंडिंग' एवढं बाहेर आलं होतं. 

"तुम्ही एका दिवसात चार घरं घेतली वं, सर," ती म्हणाली. आवाजात तक्रार होती, आणि खरं सांगायचं तर ती रास्त होती. "मालनताई दोन दिवसाला एक घर करतात. मानसानं पळायचं तरी किती?"

"द्या इकडं पाटी. मी नेतो."

"नको. तुम्ही आधी पोचलात तर तपासनी कसली?"

हे बरोबरच होतं. मी तिला पुढं जाऊ दिलं, दहा मिनिटं एका बाभळीखाली थांबलो, मग तिसऱ्या घरी जाऊन विचारलं, "पुस्तकं किती?" त्यांनी बावीस सांगितली. मी बावीस लिहिली. चौथ्या घरी तर पुस्तकं आणि मी एकाच वेळी दारात पोचलो. घरमालकांनी दोघांनाही या म्हटलं.

चौथ्या घरातल्या पोराला मी शेवटी विचारलंच, "ही पुस्तकं तुमची का रे?"

"आज आमची," तो म्हणाला.

* * *

शाळेच्या व्हरांड्यात मालनताई उंचीची फळी पुसत होत्या. पन्नाशीच्या, ठेंगण्या, कमरेला किल्ल्यांचा जुडगा. एकेचाळीस मुलांच्या उंच्यांवर अकरा वर्षं नजर ठेवणाऱ्या बाईची स्वतःची उंची कुणीच कधी मोजली नव्हती.

"झाली का धनेशराव तपासणी?"

मी चार फॉर्म त्यांच्यापुढं ठेवले. बावीस, बावीस, बावीस, बावीस. त्यांनी ते पाहिले आणि फळी पुसायची थांबवली.

"औंदा आकडा विचारलाय होय," त्या हळू आवाजात म्हणाल्या. "आजवर खुणा असायच्या. एकही नाही, दहापर्यंत, दहाच्या वर. दहाच्या वर खूण केली की झालं."

"ताई, सबंध गावात मिळून बावीस पुस्तकं आहेत?"

"तेवीस होती. एक कुणाच्या तरी बारशात गेलं."

मग त्यांनी सांगितलं. मुलं तीन वर्षांची झाली तेव्हा हा प्रश्न पहिल्यांदा फॉर्मवर आला. पहिलं घर कोमलचं. तिच्या आईनं एकही नाही म्हणून सांगितलं. "मी खूण केली, तर ती बाई माझ्या पेनाकडं बघत राहिली. मला म्हनली, ताई, हे पोरीच्या नावावर कायमचं राहनार का? मी म्हनलं, व्हय, अठरा वर्षं. मग तिनं चहासुद्धा दिला न्हाई."

पुढच्या खेपेला ताईंनी आपल्या नवऱ्याची पुस्तकं आणून कोमलच्या घरी ठेवली. नवरा विहिरीवरच्या जळलेल्या मोटारी पुन्हा बांधून द्यायचा. त्याला पुढं शेळ्या पाळायच्या होत्या, त्याच्याही पुढं एकदा समुद्र बघायचा होता. यातलं काही व्हायच्या आत तो गेला होता. ताईंनी पुस्तकं ठेवली ती ठेवलीच. शेजारणीनं ती एका रात्रीपुरती मागून नेली, कारण दुसऱ्या दिवशी ताई तिच्या घरी जाणार होत्या. असं करत करत गावानं ताईंचं वेळापत्रक पाठ केलं, आणि गाठोडं कायम त्यांच्या एक घर पुढं चालू लागलं. एकेचाळीस घरं, दर घरी दोन दिवस, वर्षातून चार फेऱ्या.

"तुम्हाला कधी कळलं?"

"मालकांची पुस्तकं मला वळखू येनार न्हाईत का?"

"आणि तरी खूण केलीत?"

"फॉर्मवर काय लिवलंय? 'आज घरात किती पुस्तकं आहेत?' त्या दिवशी त्या घरात होतीच की." त्यांनी फळीवर पुन्हा फडकं फिरवलं. "तुमचा प्रश्न तसा. मी काय करू?"

मला हसू आलं, पण त्यांच्या चेहऱ्यावर हसू नव्हतं म्हणून मी ते गिळलं. कारण घोटाळा मलाही कळत होता. नऊ गावांत सगळ्यात कोरडं आणि सगळ्यात गरीब गाव बोरजाईवाडी, आणि शब्दांच्या चाचणीत पहिलं आलेलंही तेच. चार वर्षांपूर्वी आमच्या केंद्राच्या प्रमुख मॅडमनी याच्यावर मोठा शोधनिबंध लिहिला होता: घरात स्वतःची पुस्तकं असली की गरीब घरातली मुलंही भाषेत पुढं जातात. तो निबंध लोक वाचत होते, त्याचे दाखले देत होते, आणि त्याच निबंधाच्या जोरावर समितीपुढं सात वर्षं मागायची होती.

"लिहिनार का तुम्ही?" ताईंनी विचारलं.

"काय लिहू?"

"शुक्रवार होऊन जाऊ द्या. मग मला काढा, काय करायचं ते करा. ही पोरं अठराची झालेली बघायचीत मला. पाळन्यात असताना फळीवर आडवी धरलीत मी यांना. आता फळीला टेकून उभी ऱ्हातात. अकराव्या वर्षी कुनी सोडतं का?"

मी म्हटलं, शुक्रवारपर्यंत मी काही बोलत नाही. मला वाटलं मी उदार झालो. नुसता घाबरलो होतो.

* * *

आमच्या मॅडम म्हणजे डॉ. नलिनी हर्डीकर. आवाज बारीक, चप्पल नेहमी एकच, आणि हातात पेन्सिल, कारण पेनानं लिहिलेलं खोडता येत नाही. लग्न केलं होतं, पण त्याचा पाठपुरावा राहून गेला, असं त्या स्वतःच सांगायच्या.

गुरुवारी दुपारी त्यांनी मला केबिनमध्ये बोलावलं. मालनताई उंचीचे तक्ते द्यायला आल्या होत्या, त्यांनाही बसवलं. मॅडमचा चेहरा इतका खूष मी आधी कधी पाहिला नव्हता.

"धनेश, एक गंमत ऐक." त्यांनी टेप सुरू केला.

चाचणीत एक भाग असा होता की मुलानं मनाला येईल ती गोष्ट स्वतःच्या शब्दांत सांगायची. टेपवर पोरगं म्हणालं: एक आंधळा सोनार होता. त्याच्याकडं एक माणूस पेटी ठेवून गेला. म्हणाला, मी परत येईपर्यंत उघडू नको. बारा वर्षं झाली. मग एक दिवस पेटी आतून वाजली.

मॅडमनी दुसरी टेप लावली. आंधळा सोनार. पेटी. बारा वर्षं. तिसरी. चौथी.

"बोरजाईवाडीची एकेचाळीस मुलं," मॅडम म्हणाल्या, "सगळ्यांची गोष्ट एक. सोनार किल्ली फिरवतो, झाकण उचलतो, आणि तिथून पुढं प्रत्येकाचा शेवट वेगळा! बाकीच्या आठ गावांत हे कुठंच नाही. ही लोककथा आहे, धनेश. अतिशय जुनी, फक्त याच गावात टिकलेली, आणि शेवट मुद्दाम मोकळा ठेवण्याची परंपरा असलेली. मी काल चार पानं लिहिलीत. उद्या समितीला सुरुवात यानंच करते."

मी खोकलो. मी मालनताईंकडं पाहिलं. त्या मांडीवरच्या तक्त्यांकडं बघत होत्या. मॅडम पानं चाळत म्हणाल्या, "बारा वर्षांचा उल्लेख तर दुष्काळाच्या चक्राशी—"

"मॅडम," मालनताई म्हणाल्या, "ती लोककथा न्हाई. ती माझ्या मालकांच्या पुस्तकांतली एक चोपडी हाय."

मॅडमनी पानं टेबलावर ठेवली.

"आनि शेवट मोकळा ठेवलेला न्हाई. शेळीनं खाल्लाय. चौसष्ट पानांपत्तुर हाय, पासष्टपासनं पुढं खाल्लं. काळ्यांच्या शेळीनं."

"कधी?" मॅडमनी विचारलं. का विचारलं, त्यांनाही माहीत नसावं.

"पोरं पाच वर्षांची होती तवा. शेळीपालनाचं पुस्तक शेजारीच होतं. त्याला तिनं तोंड लावलं न्हाई."

मग ताईंनी पहिल्यापासून सगळं सांगितलं. पहिली खूण, कोमलची आई, पेन, गाठोडं, पाटी, गवत. मधे मधे मी 'हो' म्हणत होतो, साक्षीदार असल्यासारखा. शेवटी मी खिशातून ते तिकीट काढून टेबलावर ठेवलं. पुरावा म्हणून माझ्याकडं तेवढंच होतं.

मॅडमनी तिकीट हातात घेतलं, उलटसुलट बघितलं. बाहेर शिपाई कुणाला तरी सांगत होता की मॅडम मिटिंगमध्ये आहेत.

"मला काढा, मॅडम," मालनताई म्हणाल्या. "सांगा त्यांना, बाईनं खोटं केलं, बाईला काढली. पन पोरांचं चालू ठेवा."

"तुम्हाला काढलं तर बोरजाईवाडीत दार कोण उघडेल मला?" मॅडमचा आवाज आणखी बारीक झाला होता. मग त्यांनी पेन्सिल उचलली. "एका घरी दोन दिवस?"

"व्हय."

"दोन दिवसांत मुलं काय करायची?"

"काय करनार? वाचायची. उद्या जानार म्हनल्यावर वाचल्याबिगर सोडतात होय? रानात नेऊन वाचायची. एकमेकाला सांगायची. शेवटाची तर भांडनं व्हायची. पेटीत काय होतं यावरनं पोरांनी एकमेकांची डोकी फोडलीत. तुमच्या आरोग्याच्या फॉर्मवर लिवलंय बघा, 'कपाळाला जखम, तीन टाके'. ते तेच."

मॅडमनी फॉर्म मागवला. जखम होती. कारण: पडल्यामुळे.

"धनेश," त्या म्हणाल्या, "ती लोककथेची चार पानं दे." मी दिली. त्यांनी ती खोडरबरानं पुसायला सुरुवात केली. चार पानं. मी म्हटलं, फाडून टाकू का. त्या म्हणाल्या, कागद चांगला आहे.

* * *

समितीत तीन माणसं होती. अध्यक्ष मूळचे नागपूरचे, दिल्लीत राहून हसायचं विसरलेले. मॅडमनी उभं राहून पहिलं वाक्य म्हटलं, "चार वर्षांपूर्वीचा माझा निष्कर्ष चुकीचा आहे, आणि तो चुकीचा का आहे हे मला काल दुपारी कळलं."

माझ्या शेजारी मालनताईंनी पदराचं टोक मुठीत धरलं.

मॅडमनी सगळं सांगितलं. शेळीसुद्धा. अध्यक्ष ऐकून घेत राहिले, मग चष्मा काढून म्हणाले, "म्हणजे घरात पुस्तकं नव्हतीच. मग या मुलांचे शब्द जास्त कशामुळं?"

"मला वाटतं, पुस्तकं दोन दिवसांनी जायची म्हणून," मॅडम म्हणाल्या. "आणि एका पुस्तकाला शेवट नव्हता म्हणून. पण वाटणं म्हणजे निष्कर्ष नाही. त्यासाठीच मला सात वर्षं हवीत."

"शेवट वेगवेगळे आहेत म्हणता?"

मॅडमनी माझ्याकडं बघितलं. मी टेप लावला. पहिली कोमल. तिच्या गोष्टीत पेटीतून तोच माणूस निघाला, पेटी ठेवून गेलेला, बारा वर्षांनी म्हातारा झालेला. तो सोनाराला म्हणाला, मी आतच होतो, तुम्ही विचारलंच नाही.

अध्यक्ष म्हणाले, "पुढचा?"

पुढच्याच्या पेटीत अष्टपाद होता. त्यानं तीन हृदयांपैकी एक सोनाराला दिलं आणि दोनावर भागवलं. त्याच्या पुढच्याच्या पेटीत सोनाराचे डोळे होते. एकाच्या पेटीत नीट बांधलेली पाच हॉर्सपॉवरची मोटार होती आणि सोनारानं ती विहिरीवर बसवली, पण विहिरीला पाणी नव्हतं, म्हणून त्यानं पुन्हा पेटीत ठेवली. चहा आला आणि गार झाला. समितीतल्या बाईंनी मांडीवरची फाइल खाली ठेवली आणि पाय खुर्चीवर घेतले.

अकरावी टेप काळ्यांच्या पोराची. त्याच्या पेटीत एक बाई होती. सोनारानं झाकण उघडल्यावर तिनं मान वर केली आणि फॉर्म काढून विचारलं, "घरात पेट्या किती?"

अध्यक्ष हसले. आवाज गंजलेल्या बिजागरीसारखा आला, पण हसले. मग मालनताईंकडं वळून म्हणाले, "या तुम्ही का?"

"मी कशाला पेटीत बसू?" ताई म्हणाल्या. "मला कामं न्हाईत का?"

सात वर्षं मिळाली. अट एकच होती, पुस्तकांचा प्रश्न क्रमांक एकतीस बदलायचा. मॅडमनी तो रात्रीत बदलला: 'गेल्या महिन्यात कोणतं पुस्तक घरात आलं, कुठून आलं आणि इथून कुठं गेलं?' निबंध त्यांनी स्वतः मागं घेतला. त्याबद्दल लिहिलेलं तीन पानी टिपण मूळ निबंधापेक्षा कमी लोकांनी वाचलं. मालनताईंना केंद्राकडून लेखी समज मिळाली. ती त्यांनी लॅमिनेट करून देवघराशेजारी लावली, कारण त्यांच्या नावानं इंग्रजीत टाइप झालेलं ते पहिलंच पत्र होतं. आणि मी बँकेच्या परीक्षेला तिसऱ्यांदा बसलो, पास झालो, आणि गेलो नाही. आईला अजून वाटतं, निकाल लागायचाय.

* * *

परवा बोरजाईवाडीतलं एकेचाळिसावं पोर अठराचं झालं. फळीला टेकून उभं राहिलं तेव्हा फळी त्याला पुरेना. मालनताई दोन वर्षांपूर्वी निवृत्त झाल्या, पण त्या दिवशी शाळेत आल्या, स्टुलावर चढल्या आणि शेवटची उंची स्वतः वाचली. मी लिहिली. मग सही करायला त्यांना पेन दिलं, तर त्या म्हणाल्या, "पेन्सिल दे. मॅडमला पेन चालत न्हाई."

मी त्यांच्यासाठी एक वस्तू आणली होती. पुण्यात जुन्या पुस्तकांच्या ढिगात मला ती चोपडी सापडली होती, तीच आंधळ्या सोनाराची, अखंड, अठ्ठ्याऐंशी पानांची. मी तिथं उभ्या उभ्या पासष्टावं पान वाचलं होतं. आठ दिवस कुणाला सांगितलं नव्हतं.

ताईंच्या अंगणात बसून त्यांच्या हातात दिली. त्यांनी चष्मा लावला, मालकांचं पुस्तक हातात धरावं तशी ती जरा वेळ नुसतीच धरली, मग पासष्टावं पान काढलं. वाचलं. पेटीत सोन्याच्या मोहरा होत्या आणि एक चिठ्ठी होती: प्रामाणिकपणाचे फळ नेहमी गोड असते. पुढची तेवीस पानं सोनार हेच गावात सगळ्यांना सांगत फिरतो.

ताईंनी चष्मा काढला.

"एवढंच?"

"एवढंच."

"शेळी शहाणी होती," त्या म्हणाल्या. मग पासष्टपासून पुढची पानं शिवणीपाशी अंगठा धरून नीट फाडली, उरलेली चोपडी कोनाड्यात ठेवली, आणि फाडलेली पानं घेऊन गोठ्याकडं निघाल्या.